विजासनचे लेणे आणि जीर्णोद्धाराची जुनी रीत

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात देवळाचे काम निघाले म्हणजे दगड, विटा, सिमेंट, सळई आणि वर्गणी हे पाच विषय वर्षभर पारावर चालतात. सहावा विषय सहसा कोणी काढीत नाही. तो असा, की आपल्या आधी या मुलखात ज्यांनी देवस्थाने उभारली आणि ज्यांनी मोडलेली देवस्थाने पुन्हा उभी केली, त्यांनी ते काम केले तरी कसे? आज तो विषय काढावयाचा आहे, आणि त्यासाठी फार दूर जावयाचे नाही. माजरी जंक्शन सोडून गाडी बल्लारशाच्या दिशेने निघाली की भांदक स्टेशन लागते. गावाचे नाव भद्रावती, स्टेशनाचे नाव भांदक. आयुध निर्माणीमुळे, भद्रनागाच्या यात्रेमुळे, जैनांच्या पार्श्वनाथ मंदिरामुळे, गवराळ्याच्या वरदविनायकामुळे हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच गावाबाहेर एक टेकडी आहे, विजासन. त्या टेकडीच्या पोटात बुद्धाचे लेणे आहे.

लेणे म्हटले की अजिंठा-वेरूळ डोळ्यापुढे येते. रंगवलेल्या भिंती, नक्षीचे खांब, उंच कमानी. विजासनला तसे काही शोधू नये. येथे आहे ती साधी, सरळ, डोंगरात शिरत गेलेली गॅलरी. गॅलरी हा शब्द माजरीच्या माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. सर अलेक्झांडर कनिंगहॅम हे पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख. १८७३ ते १८७५ च्या दरम्यान मध्य प्रांतातील दौऱ्यात ते या भागात आले. ही गॅलरी सरळ आत ७१ फूट गेलेली आहे, अशी नोंद तेव्हापासून चालत आली आहे. ७१ फुटांच्या शेवटी गाभारा, आणि गाभाऱ्यात आसनावर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. दाराशी उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा आणखी दोन गॅलऱ्या फुटल्या आहेत, आणि त्यांच्या टोकालाही एकेक गाभारा व मूर्ती आहे. कागदावर काढले तर मध्ये लांब रेघ आणि दाराजवळ दोन्ही बाजूंना दोन हात, असा नकाशा होतो. बाहेरच्या उन्हातून आत शिरले की पावलागणिक उजेड कमी होत जातो, बोलणे आपोआप हळू होते, आणि डोळे अंधाराला सरावतात तेव्हा समोरची मूर्ती दिसू लागते. हा परिणाम घडविण्यास कारागिराला एकही नक्षी करावी लागली नाही. लांबी आणि अंधार, एवढेच सामान.

खाणीत काम केलेल्या माणसाने हे लेणे पाहिले तर त्याला पंडितांना दिसत नाही असे काही दिसेल. छत कसे सांभाळले, भिंत सरळ कशी ठेवली, दोन गॅलऱ्यांमध्ये किती दगड सोडला, याकडे त्याचे लक्ष जाईल. कोळसा काढताना जसे पिलर सोडून पुढे जावे लागते, तसेच लेणे खोदणाऱ्यालाही जावे लागे. फरक एवढाच, की खाणीत जे बाहेर काढले त्याला मोल असते आणि लेण्यात जे मागे राहिले त्याला. कामाची रीत अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांवरून कळते. तेथील २४ क्रमांकाचे लेणे पुरे झाले नाही. त्यात स्पष्ट दिसते, की कारागीर आधी छताशी पोचत, छत तासून घेत आणि मग खाली उतरत येत. खांब म्हणून जेवढा दगड ठेवायचा तेवढा ओबडधोबड ठोकळा सोडून देत, त्याची नक्षी शेवटी. त्यामुळे पराती बांधाव्या लागत नसत. मात्र यात चुकीला जागा नाही. बांधकामात एक चीर चुकली तर दुसरी बसवता येते. लेण्यात छिन्नी एक बोट जास्त गेली की गेलीच.

आता विहार म्हणजे काय, ते पाहू. भगवान बुद्धांचे भिक्षू वर्षातून आठ महिने फिरत आणि पावसाळ्यात एका जागी राहत. या मुक्कामाला वर्षावास म्हणत. आपल्याकडे चातुर्मासात साधुसंत एके ठिकाणी मुक्काम करतात, त्याच जातीची ही रीत. नदीनाले भरले म्हणजे फिरणे शक्य नसे, हे इरई आणि वर्धेच्या काठच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. या मुक्कामासाठी जी जागा तो विहार. आरंभीच्या विहारात मधे चौक आणि भोवती झोपण्याच्या लहान खोल्या, एवढेच असे. अजिंठ्याचे १२ क्रमांकाचे लेणे तसे आहे, त्यात मूर्ती नाही. पूजेची जागा वेगळी, तिला चैत्य म्हणत. पुढे काही शतकांनी मोठा बदल झाला. पाचव्या शतकात आपल्या विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याला १६ क्रमांकाचा विहार खोदवून दिला. त्या विहारात मागच्या भिंतीत गाभारा आहे आणि गाभाऱ्यात बुद्ध बसलेले आहेत. म्हणजे भिक्षू जेथे झोपत, जेवत, शिकत, तेथेच देवघर आले. राहण्याची जागा आणि पूजेची जागा एक झाली.

दगडविटांनी बांधलेल्या विहारांतही पुढे हेच झाले. आपल्या पूर्वेला छत्तीसगडात महानदीच्या काठी सिरपूर आहे. तेथे १९५० नंतरच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा विटांचे विहार निघाले. त्यांतला एक आनंदप्रभु नावाच्या भिक्षूने बांधविला होता आणि राजा होता महाशिवगुप्त बालार्जुन. दारातून शिरले की मंडप, भोवती खोल्यांची रांग, आणि दारासमोर गाभाऱ्यात भूमीला हात लावून बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती. दारापासून मूर्तीपर्यंत सरळ रेघ. विजासनची रेघही तशीच आहे, फक्त ती डोंगरातून गेली आहे. आणि आपल्या देवळात दार, सभामंडप, अंतराळ, गाभारा ही जी रेघ आपण आजही पाळतो, ती या सर्वांची भावकीच म्हणावयाची. धर्म वेगळे, कारागीर बहुधा एकाच घराण्यातले.

भद्रावतीच्या बाबतीत एक मोठे नाव नेहमी घेतले जाते, ते चिनी प्रवासी ह्युएन त्संग याचे. सातव्या शतकात, सुमारे ६३९ साली, तो कलिंगाकडून कोसल देशात आला. हे रामाच्या अयोध्येचे कोसल नव्हे, हे दक्षिण कोसल. त्याने लिहून ठेवले आहे की राजा क्षत्रिय असून बुद्धाला मानणारा होता, देशात सुमारे शंभर संघाराम होते, दहा हजारांच्या आतबाहेर भिक्षू होते आणि शिवाय देवांची सत्तरेक मंदिरेही होती. या कोसलाची राजधानी म्हणजे आपले भांदकच, असे मत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या विद्वानांनी मांडले आणि ते अजूनही भाषणांतून ऐकू येते. सिरपूरला एवढे विहार निघाल्यावर बहुतेक अभ्यासकांचा कौल सिरपूरकडे गेला आहे. हे ऐकून कोणी वाईट वाटून घेऊ नये. विजासनचे लेणे राजधानीचे असो की एका आडवाटेच्या गावाचे, ते ७१ फूट खोदलेले आहे ते आहेच. उसन्या मोठेपणाची त्याला गरज नाही.

ह्युएन त्संगाने दिलेली एक हकीकत मात्र वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक समितीने ऐकावी अशी आहे. कोसलाच्या राजधानीच्या नैर्ऋत्येस एका डोंगरात सातवाहन राजाने नागार्जुन या महान आचार्यासाठी पाच मजली विहार खोदविण्यास काढला. काम अर्धे झाले आणि खजिना रिकामा झाला. राजा चिंतेत पडला. नागार्जुनाने रसायन शिंपडून मोठमोठ्या शिळांचे सोने केले आणि काम तडीस गेले. अर्थात ही कथा आहे. पण काम अर्धे झाल्यावर खजिना रिकामा होतो एवढा भाग तरी खरा असला पाहिजे, कारण तो आजवर बदललेला नाही! कथेचा शेवट कमी सांगितला जातो. पुढे त्या विहारात भिक्षूंचे आपसात भांडण लागले, प्रकरण राजाकडे गेले, आणि त्या भांडणात विहार भिक्षूंच्या हातून कायमचा गेला. पैशाने अडले ते रसायनाने सुटले. भांडणाने जे गेले त्याला नागार्जुनाचे रसायनही पुरले नाही.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे ज्याला सर्वजण अजब बंगला म्हणतात तेथे, एक कोरीव शिळा आहे. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी तिचे वाचन १९०५ साली प्रसिद्ध केले. भाषा संस्कृत, रचना भास्करभट्ट नावाच्या कवीची. हकीकत अशी. फार पूर्वी सूर्यघोष नावाचा राजा होता. त्याचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या दुःखात राजाने शाक्यमुनी बुद्धाचे सुंदर मंदिर बांधले. काळ गेला. मंदिर जीर्ण झाले, राजघराणेही बदलले. नंतर पांडुवंशातील भवदेव, ज्याला रणकेसरी असेही म्हणत, त्याने ते मंदिर पुन्हा नीट केले.

ही शिळा जीर्णोद्धाराची शिळा आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर हीच त्या मंदिराची स्मरणिका. तिच्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, भवदेवाने सूर्यघोषाचे नाव पुसले नाही. त्याने खर्च केला, त्याची सत्ता होती, कवी त्याच्या पदरी होता. सूर्यघोषाचा उल्लेख गाळला असता तर आज कोणाला कळलेही नसते. पण शिळेत आधी मूळ बांधणारा येतो, त्याचे दुःख येते, ते गच्चीवरून पडलेले लेकरू येते, आणि मग दुरुस्ती करणारा. ते लेकरू जाऊन चौदाशे वर्षे उलटून गेली. त्याच्या बापाचे दुःख आज आपण ऐकतो ते दुसऱ्या घराण्यातल्या राजाच्या उदारपणामुळे. दुसरी गोष्ट, हे पांडुवंशी राजे काही सर्व बौद्ध नव्हते. त्याच घराण्यातला तीवरदेव स्वतःला परमवैष्णव म्हणवितो आणि महाशिवगुप्त स्वतःला परममाहेश्वर म्हणवितो. अशा घराण्यातील राजाने बुद्धाचे मोडके मंदिर नीट केले. देवस्थान कोणाचे यापेक्षा ते पडायला आले आहे, याकडे त्याने पाहिले.

ही शिळा मुळात कोठली, यावर वाद आहे. कोणी भांदकची म्हणतात, कोणी छत्तीसगडातील आरंगची, आणि कीलहॉर्नांनी तर रतनपूरची म्हणून छापली. एवढा मोठा पुरावा हातात असून गाव ठरत नाही, याचे कारण अगदी साधे आहे. शिळा जागेवरून हलविली तेव्हा कोठून उचलली ते कोणी नीट लिहून ठेवले नाही. गाडीत घालायला जेवढा वेळ लागला त्याच्या शंभराव्या हिश्श्यात ती ओळ लिहून झाली असती. आता शंभर वर्षे विद्वान त्या एका ओळीसाठी भांडत आहेत.

भद्रावतीच्या मातीत इतरही पुरावे निघाले आहेत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट भांदकला सापडला. शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२. तो एका सूर्यमंदिरासाठी दिलेल्या गावाचा दानलेख आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावावर आहे तोच हा कृष्ण. गावात तलाव आहे, आणि तलावातल्या बेटाकडे जाणारा जुना दगडी पूल आहे, दोन ओळींत जाडजूड खांब उभे करून त्यांवर शिळा टाकलेला. त्यात कमान नाही. खांब आणि वर आडवी शिळा ही आपल्या मुलखाची जुनी रीत. असल्या बांधकामाला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. त्याच्या आधी कित्येक शतके ही रीत चालू होती, पण सर्व श्रेय त्याला मिळाले. असो.

दात्यांसाठी आता थोडे हिशोबाचे बोलू. विहार बांधला म्हणजे झाले नाही. भिक्षूंना चिवर पाहिजे, अन्न पाहिजे, छत गळते ते पाहिले पाहिजे. जुने लोक यासाठी काय करीत, ते नाशिकच्या लेण्यात १० क्रमांकाच्या विहारात भिंतीवर कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी हे लेणे दिले आणि सोबत ३००० कार्षापण नाणी दिली. ती भिक्षूंच्या हाती दिली नाहीत. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत त्यांच्या सोसायट्यांकडे, ठेव म्हणून ठेवली. एकीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. २००० चे व्याज वर्षाला २४० होते. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. वीस बारे दोनशे चाळीस. बरोबर जुळते. उरलेल्या १००० चे व्याज इतर किरकोळ खर्चासाठी. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत.

आजच्या सोहळ्यांत कळसाला देणगी सहज मिळते, महाप्रसादाला मिळते, कमानीला तर मागण्याआधी मिळते. गच्चीवरचे पावसाचे पाणी काढण्यासाठी आणि दर दोन वर्षांनी पिंपळाचे रोप उपटण्यासाठी कोणी ठेव ठेवीत नाही. वास्तविक देऊळ पडते ते पिंपळाने आणि पाण्याने. भिंतीच्या सांध्यात चिमणीच्या विष्ठेतून पडलेले बी पाच वर्षांत बोटाएवढे मूळ करते आणि वीस वर्षांत चीर फोडते. उषवदाताने हे ओळखले होते, की बांधकाम एकदा होते आणि खर्च दरमहा होतो. दानही मोठ्यांचेच असे नव्हते. कोकणात कुड्याच्या लेण्यात फुलमाळ्याचे दान कोरलेले आहे. वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून स्तूप खोदला, तेथील दगडी कठड्यावर दात्यांची नावे निघाली. साधी नावे, कोणा राजाची नव्हेत. दगडावर नाव लिहिण्याची हौस आजची नाही. फक्त ती नावे कठड्याच्या एका पट्टीत बसत, आजच्यासारखी मूर्तीच्या डोक्याइतक्या उंचीवर नव्हती.

विजासनचे पुढे काय झाले? भिक्षू गेले. केव्हा गेले त्याची तारीख कोठे कोरलेली नाही. देशभर विहार ओस पडले तसे हेही पडले. मूर्ती राहिल्या, कारण त्या डोंगरातच कोरलेल्या होत्या, उचलून नेण्यासारख्या नव्हत्या. भद्रावतीतील बांधीव देवळांचे मात्र दगड फिरले. भद्रनागाचे सध्याचे मंदिर जुन्या देवळांचे दगड वापरून उभे केलेले आहे. कनिंगहॅमांच्या नजरेतून ते सुटले नाही. काही विद्वान अशा मंदिरांना मोल देत नाहीत, म्हणतात की ही ठिगळे. ते बरोबर वाटत नाही. ज्या दगडाला नवीन भिंतीत जागा मिळाली तो वाचला. ज्याला मिळाली नाही तो विहिरीच्या काठाला, पाटा-वरवंट्याला, रस्त्याच्या खडीला गेला.

आणि मग १९५६ साल आले. १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, आणि १६ ऑक्टोबरला ते आपल्या चांद्याला आले. तेथेही हजारोंनी दीक्षा घेतली. त्या दिवसापर्यंत विजासनचे बुद्ध हे सरकारी संरक्षित स्मारक होते. त्यानंतर ते पुन्हा कोणाचे तरी दैवत, कोणाचे तरी श्रद्धास्थान झाले. बुद्धपौर्णिमेला टेकडीवर माणसांची रीघ लागते. ज्या गाभाऱ्यात कित्येक शतके वटवाघळांशिवाय कोणी नव्हते तेथे पुन्हा वंदना होते. याला जीर्णोद्धार म्हणावयाचे नाही तर काय? यात एक वीटही लागली नाही.

आता एक दुसरे उदाहरण, थोडे दूरचे, पण याच मुलखातले. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला येथील पुष्कळ मंडळी जाऊन आली असतील. एका आवारात लहानमोठी चोवीसेक देवळे, मध्ये मार्कंडेय ऋषींचे मुख्य शिवमंदिर. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरील मूर्ती कनिंगहॅमांनी मोजल्या, त्या ४०९ भरल्या. सिंह आणि हत्ती वेगळेच. खजुराहोची आठवण येते असे लोक म्हणतात, ते खोटे नाही. तर या मुख्य देवळावर वीज पडली. शिखराचा वरचा भाग ढासळून मंडपाच्या छतावर आला आणि छतही फुटले. कनिंगहॅमांना सांगण्यात आले, की त्यांच्या भेटीच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी चांद्याच्या गोंड राजाने त्याची डागडुजी केली. फुटलेल्या तुळयांखाली जाडेभरडे खांब आणि कमानी घालून छत पेलून धरले.

जुन्या नाजूक खांबांजवळ ते नवे ओबडधोबड खांब शोभत नाहीत, हे कोणालाही दिसते. पण गोंड राजाच्या कारागिराने जुन्या खांबांची नक्कल केली नाही आणि जुने तोडूनही टाकले नाही. पडणारे होते तेथे आधार दिला आणि बाकी हात लावला नाही. त्यामुळे मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते हे आजही लहान पोर सांगू शकते. नंतर अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याने मुख्य देवळाचे दगड क्रमांक घालून उतरविण्याचे आणि पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले. ते काम वर्षानुवर्षे लांबले, यात्रेकरूंची गैरसोय झाली आणि लोकांत नाराजीही झाली. क्रमांक घालण्याची रीत मात्र अगदी योग्य. दगड उतरविणे एका दिवसाचे, तो पुन्हा त्याच जागी चढविणे वर्षांचे, आणि क्रमांक पुसला गेला तर कधीच नाही.

माजरीसारख्या गावात जुने देऊळ खोलले जाते तेव्हा यातून काय घ्यावयाचे? शेंदराचे थर उतरवायचे असतील तर छिन्नीने उतरवू नयेत, त्याखाली मूर्तीचे नाक-डोळे असतात. जुन्या दगडाला ऑइलपेंट देऊ नये, आतली ओल आतच राहते आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला तर चारपाच पावसाळ्यांत तोच गिलावा भिंतीचे तोंड घेऊन खाली येतो. गाभाऱ्यात टाइल्स बसविण्याचा मोह सर्वांनाच होतो, धुवायला सोपे म्हणून. उंबरठ्याचा जुना कोरीव दगड तेवढा टाइल्सखाली जाऊ देऊ नये. पायाच्या खोदकामात एखादी मूर्ती, वीरगळ, सतीशिळा किंवा अक्षरे असलेला दगड निघाला तर त्याच जागी त्याचा फोटो घ्यावा, किती खोल निघाला ते मोजावे, तारीख घालून समितीच्या वहीत लिहावे आणि तहसील कार्यालयात कळवावे. अजब बंगल्यातल्या शिळेची गोष्ट आठवावी. तो दगड नंतर देवळाच्या भिंतीत, आवारात, पिंपळाच्या पाराशी, कोठेही सन्मानाने बसवता येईल, पण वहीतील ती ओळ आधी.

आणि जुन्या देवळाचा पाया कोणी घातला, पूर्वी दुरुस्ती कोणी केली, लाकडी सभामंडपाचे वासे कोठून आले, याची जी आठवण म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी आहे ती स्मरणिकेत यावी. भवदेवाने सूर्यघोषाला आपल्या शिळेत पहिली जागा दिली. देणगीदारांच्या यादीच्या आधी तेवढे एक पान समितीने राखावे, अशी विनंती आहे.

विजासनला ज्यांनी अजून पाऊल ठेवले नाही त्यांनी या हिवाळ्यात जरूर जावे. भांदक स्टेशनावरून रिक्षा मिळते. सकाळी लवकर जावे, जवळ टॉर्च ठेवावी. आत अगरबत्ती किंवा मशाल पेटवू नये, धुराची काजळी छताला बसते आणि ती पुढे काढणे अवघड असते. मुलांना भिंतीवर नावे लिहू देऊ नये. गॅलरीच्या शेवटापर्यंत चालत जाऊन मूर्तीसमोर टॉर्च विझवावी आणि मागे वळून दाराकडे पाहावे. एवढ्या अंधारातून दार केवढेसे दिसते ते तेथे उभे राहिल्यावरच कळते.